रुपयाचा चौसष्टावा भाग

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात रुपयाचे सोळा आणे मोडले आणि शंभर नवे पैसे झाले. त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत आयबीएम ७०४ हा संगणक वापरणाऱ्यांच्या हाती फोरट्रान पडायला लागली. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही भाषा. गणिती सूत्र जवळजवळ कागदावर लिहितो तसंच लिहायचं आणि यंत्रानं ते सोडवायचं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण बेळगावात हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या एप्रिलमधल्या दोन्ही गोष्टी मला कायम एकमेकींच्या वाटेत उभ्या दिसल्या.

आमच्या भागात त्याआधी पाच महिने आणखी एक तारीख आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला. ते दुःख वेगळं आणि मोठं आहे, त्यावर इथं लिहीत नाही. एवढंच, की आमच्या आधीच्या पिढीच्या आठवणीत राज्य बदलणं आणि पैसा बदलणं वर्षाच्या आतलं. सरकारी कागद कानडीत यायला लागला, दुकानातली वही मराठीतच राहिली आणि त्या वहीतले आणे जाऊन पैसे आले.

जाणाऱ्या आण्यांबरोबर काय गेलं हे समजायला आधी जुनी मोजणी डोळ्यांसमोर आणायला हवी. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खानापूरकडच्या जुन्या घरांत भात मोजायची ही मापं माळ्यावर अजून निघतात. रुपयाचंही तसंच. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली, मग आणा. आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकायची. या सगळ्यात एकच क्रिया आहे: अर्धं करणे. अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. अपवाद पईचा. आण्याला बारा पया, त्यात तीनचा आकडा घुसतो. पण बाजारातला रोजचा व्यवहार अर्ध्या-पावाचाच होता.

संगणकाला अपूर्णांक लिहायला हीच एक रीत येते. त्याच्या बिंदूनंतरचं पहिलं घर अर्ध्याचं, दुसरं पावाचं, तिसरं अष्टमांशाचं, चौथं सोळाव्या भागाचं. प्रत्येक घरात एक किंवा शून्य. पाऊण रुपया म्हणजे पहिल्या दोन घरांत एकेक, संपलं. सव्वातीन आणे, साडेपाच आणे, सगळं जिथल्या तिथं बसतं, कणभरही उरत नाही. मापट्या-चिपट्यांनी भात मोजणारी बाई आणि आयबीएम ७०४ एकाच रीतीनं भाग पाडत होती.

आता दहा पैसे घ्या. रुपयाचा दहावा भाग. यंत्र पहिल्यांदा सोळावा भाग घेतं, म्हणजे एक आणा. उरलेल्यात बत्तिसावा बसतो, म्हणजे अर्धा आणा. दीड आणा झाला, पण दहा पैशांना अजून थोडं कमी पडतंय. पुढची दोन घरं रिकामी, मग दोनशेछप्पन्नावा, पाचशेबारावा, पुन्हा दोन रिकामी, पुन्हा दोन भरलेली. हे कधीच संपत नाही. एकाला तीननं भागल्यावर आपल्याकडे ३३३ची रांग लागते तशीच ही रांग. कुठंतरी कापावीच लागते, आणि कापली की दहा पैसे दहा पैसे राहत नाहीत. शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या शंभर पैशांत यंत्राला तंतोतंत लिहिता येतात असे आकडे फक्त चार: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. बाकी शहाण्णव अंदाजाचे. आणि त्यातलं पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं.

लोक याला संगणकाची चूक म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. हीच अडचण १९५७ साली माणसांना आली होती, फक्त उलट्या बाजूनं. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. नाणं सव्वासहाचं नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५. आता एकेक आण्याच्या चार जिनसा चार खेपेला घ्या: चोवीस पैसे. चारही एकदम घ्या: पंचवीस. तीच वस्तू, तोच भाव, फक्त कुठल्या टप्प्यावर आकडा गोळा केला एवढाच फरक. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आज जे शिकवावं लागतं, की बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर बदलू शकतं, ते त्या काळातल्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला रोज दिसत होतं.

जुन्या भाषांनी या अडचणीला आपापल्या परीनं तोंड दिलं. फोरट्रानमध्ये अपूर्णांकांचे दोन प्रकार: साधा रिअल आणि साधारण दुप्पट अचूकतेचा डबल प्रिसिजन. डबल हवा तर तसं प्रोग्रॅमच्या माथ्यावर लिहून द्यावं लागायचं. त्यात एक खोच होती. चल, म्हणजे आकडा ठेवायचा नाव दिलेला कप्पा, डबल प्रिसिजनचा असला तरी त्यात नुसतं ०.१ घातलं तर ते ०.१ आधी साध्या रिअलमध्ये कापलं जायचं आणि मग मोठ्या घरात जाऊन बसायचं. घर सोळा अंकांचं, आत रहिवासी ०.१०००००००१४९. डबल अचूकता हवी तर आकड्यामागं घातांकाचं डी अक्षर लावावं लागायचं. आमच्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी हे शिकवताना नेहमी एकच प्रयोग द्यायचो: साध्या रिअलमध्ये ०.१ दहा लाख वेळा मिळवा. उत्तर एक लाख यायला हवं. यंत्र छापतं १,००,९५८.३४. नऊशे अठ्ठावन्न रुपये वर! तो आकडा पाहिल्यावर वर्गातली कुजबुज थांबायची. कारण सांगायला मग अवघड जायचं नाही: बेरीज मोठी होत गेली तशी तिच्या शेवटच्या घराची किंमत वाढत गेली, आणि ०.१ चा प्रत्येक तुकडा त्या घराच्या मापानं गोळा होत गेला.

डेनिस रिची यांच्या मूळच्या सी भाषेत फ्लोट हा साध्या अपूर्णांकाचा प्रकार जवळजवळ साठवणीपुरताच होता. गणित करताना सगळं आपोआप डबल व्हायचं. सावध माणसाची ती रीत मला आजही आवडते. टर्बो पास्कलनं स्वतःचा सहा बाइटचा रिअल ठेवला होता, अकराबारा अंक खात्रीचे, गावातल्या संस्थेच्या हिशेबाला पुरून उरतील इतके. आणि कोबोल. या भाषेला नावं ठेवायची फॅशन आहे, पण पैशाच्या बाबतीत तिच्याइतकी प्रामाणिक भाषा मी पाहिली नाही. तिथं आकड्याचं चित्र आधी काढून द्यावं लागतं: बिंदूआधी सात अंक, बिंदूनंतर दोन. मग यंत्र ते आकडे दशमानातच सांभाळतं. दहा पैसे तिथं दहा पैसेच असतात.

आमच्याकडं मात्र कोबोल मोठ्या बँकांत. पतसंस्थांत, अडत दुकानांत, निपाणीच्या तंबाखू बाजारात जे पहिले संगणक आले त्यांच्यावर जीडब्ल्यू-बेसिक फुकट यायचं, म्हणून तेच चालायचं. या बेसिकचं आकडे ठेवायचं गणित १९७५ च्या, आल्टेअर या छोट्या संगणकाच्या बेसिकपासून चालत आलेलं. मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी ते लिहिलं होतं. चार किलोबाइटांत आख्खी भाषा बसवायची होती, त्या मानानं काम थक्क करणारं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला लागायची: तुम्ही काही सांगितलं नाहीत तर बेसिक चल चार बाइटांचा धरायचं. चोवीस बिटांची, म्हणजे एक किंवा शून्याच्या चोवीस घरांची अचूकता. सात अंक, त्यापलीकडं भरवसा नाही.

बेळगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मला याच कारणासाठी बोलावलं होतं. प्रोग्रॅम कुणा बाहेरच्यानं लिहून दिलेला. पिग्मीची खाती. पिग्मी म्हणजे रोज दारात येऊन गोळा करायची ठेव. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ती सुरू केली तेव्हा रोजची चवलीसुद्धा चालायची. आमच्या भागात आजही भाजीवाल्यापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांची पिग्मी असते. तर व्याज लावल्यावर यंत्राची एकूण बेरीज आणि हेडक्लार्क काकांची हातानं लिहिलेली खतावणी यांत फरक पडत होता. काका निवृत्तीला आलेले, लाल शाईनं टिकमार्क करायची सवय, बेरजा तोंडी.

"आमच्या वहीत बसतंय की ओ," ते म्हणाले. "ह्या मशीनवरच बसंना झालंय. आणि दर खेपेला कमीच पडालंय, जास्त कधी न्हाई."

त्या शेवटच्या वाक्यानं मला वाट दाखवली. गोळा करताना चुकलं तर कधी वर, कधी खाली जायला हवं. सतत कमीच का? काकांनी वहीत बोट ठेवून एकेक नोंद वाचली आणि मी यंत्रावर एकेक मिळवत गेलो. बेरीज एक लाख चौऱ्यांशी हजारांच्या घरात होती. तीन रुपये दहा पैसे मिळवले, यंत्रानं तीन रुपये नऊ पैसे आणि काही अंश घेतले. सात रुपये दहा पैसे, तेच. दहा पैशांत संपणारी प्रत्येक नोंद थोडी झिजत होती, आणि त्या महिन्यात दहा पैशांत संपणाऱ्या नोंदी पुष्कळ होत्या. मी कागद घेतला. चोवीस बिटांतली सतरा बिटं पूर्ण रुपये लिहिण्यात खर्च झाली, कारण बेरीज १,३१,०७२ च्या पुढं आहे. त्यांच्यावरचं एक धरून अठरा. अपूर्णांकाला उरली सहा. सहा बिटं म्हणजे रुपयाचे चौसष्ट भाग. यंत्राला आता चौसष्टाव्या भागापेक्षा बारीक काही दिसतच नाही. दहा पैसे म्हणजे ६.४ चौसष्टांश; ते सहा धरतं आणि ०.४ टाकून देतं, प्रत्येक वेळी, न चुकता. अशा शंभर नोंदींतले दहा-दहा पैसे मिळवले तर दहा रुपयांऐवजी नऊ रुपये साडेसदतीस पैसेच जमा होणार.

काका कागदाकडं बघत होते. "चौसष्टावा भाग म्हणजे आमचा जुना पैसा झाला की," ते म्हणाले. "आणि सहा पैसे म्हणजे दीड आणा."

शब्दशः खरं होतं. १,३१,०७२ रुपयांपासून २,६२,१४४ रुपयांपर्यंत ते यंत्र जुन्या पैशांत हिशेब करत होतं. मी पुढची गणितं त्यांच्यासमोरच मांडली. बेरीज ५,२४,२८८ च्या वर गेली की सर्वांत लहान नाणं आणा. २०,९७,१५२ च्या वर पावली. ८३,८८,६०८ च्या वर तर रुपयाच्या आत काहीच नाही, सुटे बंद. काकांच्या शाळेत शिकलेलं आख्खं कोष्टक त्या चार बाइटांत उलट्या क्रमानं पडलेलं होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. काकांना संगणक ठाऊक नव्हता. मला त्या संध्याकाळी जो आनंद झाला तो आजही जसाच्या तसा आहे, कारण त्याआधी मी हे पुस्तकातलं प्रकरण म्हणून ओळखत होतो.

दुरुस्ती सोपी वाटली तरी तीत अडथळा होता. सगळं पैशांत मोजायचं आणि पूर्णांक ठेवायचे, ही खरी वाट. पण त्या बेसिकचा पूर्णांक दोन बाइटांचा: कमाल ३२,७६७. इतके पैसे म्हणजे ३२७ रुपये ६७ पैसे. मग पैशांचा पूर्ण आकडा आठ बाइटांच्या डबलमध्ये ठेवला. त्यात छप्पन्न बिटं असतात, आणि पूर्ण आकड्यांना कापाकाप लागत नाही. छापतानाच फक्त शंभरनं भागायचं. दुसऱ्या महिन्यात काकांच्या वहीशी यंत्र पैशाला पैसा जुळलं.

अशा झिजेचे मोठे दाखले जगात आहेत. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं १९८२ मध्ये आपला निर्देशांक हजारापासून सुरू केला. दर व्यवहारानंतर नवा आकडा काढताना तिसऱ्या दशांश स्थळानंतरचं गोळा न करता नुसतं छाटत गेले. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास घसरला होता. पुन्हा नीट काढला तेव्हा तो १,०९८ वर होता. बाजार चढत असताना आकडा निम्म्यावर आला, आणि दोष फक्त छाटणीचा.

दुसरा दाखला वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथली पेट्रियट ही येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची आणि त्याला ०.१ नं गुणायची. तेच ०.१, चोवीस बिटांत छाटलेलं. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तूट सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही किंचित कमी. पण यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. म्हणजे छत्तीस लाख ठोके. घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशानं चुकलं. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त जातं. यंत्रणेनं भलतीकडंच पाहिलं, तिथं काही दिसलं नाही. छावणीवर स्कड पडलं आणि अठ्ठावीस सैनिक गेले. दहा पैशांची नोंद आणि ही गोष्ट यांच्या मुळाशी एकच अपूर्णांक आहे, हे मी विद्यार्थ्यांना आवाज चढवून सांगितलेलं आहे.

त्या काळात आणखी एक गोंधळ होता, तो आता विस्मरणात गेला आहे. प्रत्येक यंत्राचं गणित वेगळं. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम ३६० नं दोनऐवजी सोळाच्या पायावर मांडणी केली, त्यामुळं आकड्याप्रमाणे अचूकतेची तीनपर्यंत बिटं वाया जायची. काही यंत्रांत वजाबाकी करताना हातचा एक जादा अंक ठेवायची सोय नव्हती. म्हणून जुन्या फोरट्रान प्रोग्रॅममध्ये एकातून क्ष वजा करायच्या जागी आधी अर्ध्यातून क्ष वजा, मग अर्धं मिळवा, असं लिहिलेलं सापडतं. नवीन मुलं ते बघून मूर्खपणा समजतात आणि सरळ करून टाकतात. तो मूर्खपणा नव्हता, त्या यंत्राशी केलेला समझोता होता. संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांच्या चिकाटीनं १९८५ मध्ये अपूर्णांकांच्या गणिताचं आयईईई ७५४ हे मानक झालं, त्याआधी १९८० मध्ये इंटेलच्या ८०८७ चिपमध्ये त्याच विचाराचं गणित उतरलं होतं, आणि काहानना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सगळी यंत्रं एकसारखं चुकायला लागली हा त्यातला मोठा फायदा. एकसारखी चूक शोधता येते.

पण मानकानं दहा पैशांचा प्रश्न सुटला नाही, सुटणारही नव्हता. घरं वाढली, रांग लांबून कापली जाते, इतकंच. ०.१ आणि ०.२ मिळवल्यावर आजही शेवटाकडं एक ४ उगवतो. जुन्या भाषांबद्दल मला आदर आहे तो यासाठी, की बेसिकसारखे अपवाद सोडले तर त्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींतच तुम्हाला विचारायच्या: हा आकडा किती बारीक, कशात मोजलेला, बिंदू कुठं? आजच्या बऱ्याच भाषा विचारत नाहीत. संख्या म्हणजे संख्या, असं धरून चालतात. हा प्रश्न न विचारणं ही सोय आहे असं मी मानत नाही.

आमच्या सीमेवर तर हा प्रश्न टाळताच येत नाही. इथून कागल किंवा चंदगडकडं गेलात की सातबारावर जमीन हेक्टर आणि आरमध्ये. सीमेच्या अलीकडं कर्नाटकाच्या पहाणीपत्रकावर एकर, गुंठा आणि आणा. हो, आणा, रुपयातून गेला तरी जमिनीत राहिला. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. दोन्हीकडं जमीन असलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांचे कागद संगणकावर घालणारा मुलगा दोन एकर वीस गुंठे हे २.२० असं टाईप करतो. यंत्र त्याला दोन पूर्णांक दोन दशांश समजतं. खरं क्षेत्र अडीच एकर. बारा गुंठे हवेत विरले.

म्हणून वाटणीचा प्रोग्रॅम माझ्याकडं आला तेव्हा मी तो आण्यांत लिहिला. एकराचे ६४० आणे, सगळे पूर्णांक, बिंदू कुठंच नाही. दोन एकर वीस गुंठे म्हणजे १,६०० आणे. तिघं भाऊ. प्रत्येकी ५३३, आणि एक आणा उरतो, सुमारे अडुसष्ट चौरस फूट. साधा रिअल घेतला असता तर तो आणा तीन ठिकाणी थोडा थोडा पसरून दिसेनासा झाला असता आणि दहा वर्षांनी मोजणीच्या वेळी बांधावर वर आला असता. माझ्या प्रोग्रॅमनं तो वेगळा काढून छापला. तिघांनी बसून ठरवलं: विहिरीची वाट धाकट्याच्या हिश्शातून जाते, तर तो त्याला. आता त्या तक्त्यात कायमचा एक रकाना आहे, उरलेले आणे आणि ते कुणाकडं, आणि तो भरल्याशिवाय प्रोग्रॅम वाटणीपत्र छापत नाही.